मापात बसलेले भोक

नाशिक

चि. ऋचा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, भोकाचे माप तपासणारा गेज व्यवस्थित आत जातो आहे आणि फिनिशही चांगले आहे, तर ऑपरेटरने ठरल्यापेक्षा चार भोके जास्त करून मग ड्रिल बदलले एवढ्यावरून टायटॅनियमचा आख्खा जॉब, म्हणजे मशीनवर घडत असलेला इंजिनाचा भाग, अडकवून ठेवायचा कशाला. तुझ्या आईने फोन मागितला आणि उत्तर राहून गेले, म्हणून लिहीत आहे.

इंजिनात वापरतात त्या टायटॅनियम मिश्रधातूची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे सातवा भाग. ॲल्युमिनियम कापताना बरीचशी उष्णता चिपबरोबर, म्हणजे निघणाऱ्या किसाबरोबर, निघून जाते आणि उरलेली जॉबमध्ये पसरते. टायटॅनियममध्ये मात्र ती टूलच्या धारेपाशीच कोंडते. त्यात ड्रिल बोथट झालेले असले, किंवा चिप्स अडकून कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, टोकापर्यंत पोहोचत नसले, तर भोकाची भिंत भाजून निघते आणि तिच्यावर कडक, ठिसूळ थर तयार होतो. हा थर प्लग गेजला कळत नाही आणि सीएमएम या मोजमाप यंत्रालाही कळत नाही, कारण दोघेही फक्त माप पाहतात. म्हणूनच इंजिनाच्या फिरत्या भागांसाठी प्रक्रिया एकदा मंजूर झाली की ती 'फ्रोझन', म्हणजे गोठवलेली, धरतात, आणि ड्रिलचा मेक बदलायचा झाला तरी परवानगी लागते. पहिल्या वर्षी मलाही हा कागदी जाच वाटे.

माझी स्वतःची एक गोष्ट तुला आजवर सांगितलेली नाही. रात्रपाळीत शेवटच्या भोकाला ड्रिल किंचाळले, स्पिंडल लोड, म्हणजे ड्रिल फिरवणाऱ्या दांड्यावरचा भार, क्षणभर वर गेला आणि खाली आला. कूलंटची नळी सरकली होती. मी भोक मोजले, माप मधोमध आले, आणि शिफ्ट संपत आल्यामुळे रजिस्टरमध्ये काहीही न लिहिता मी घरी आलो. झोप लागली नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. झोप छान लागली. सकाळी चहा घेताना मात्र तो आवाज पुन्हा कानात आला, आणि मी परत जाऊन साहेबांना सांगितले. जॉब स्क्रॅप झाला. त्यावर अगोदर झालेले महिनाभराचे काम वाया गेले आणि मला सर्वांसमोर बोलणी बसली, तीही मुख्यतः उशिरा सांगितल्याबद्दल, जे रास्तच होते.

पुढे काही वर्षांनी अमेरिकेतील पेन्साकोलाच्या विमान अपघाताची माहिती वाचनात आली. 6 जुलै 1996 रोजी डेल्टा या विमान कंपनीचे 1288 क्रमांकाचे एमडी-88 विमान धावपट्टीवर वेग घेत असताना डाव्या इंजिनाचा टायटॅनियमचा फॅन हब, म्हणजे पंख्याची पाती धरणारी मधली चकती, फुटला, त्याचे तुकडे केबिनमध्ये घुसले, आणि एक आई व तिचा मुलगा दगावले. तो ज्या भेगेमुळे फुटला तिचे मूळ हबच्या एका भोकात सापडले. ड्रिल करताना त्या भिंतीतील धातूची रचना बदललेली होती आणि कारखान्यातील तपासणीतून ती निसटली होती. हब त्यानंतर हजारो उड्डाणे उडाला. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ अंगणात बसून राहिलो.

तेव्हा त्या चार भोकांचे उत्तर तू किंवा तुझे वरिष्ठ तिथल्या तिथे देऊ शकत नाही. जॉबला टॅग लाव, कोणती भोके जास्तीची ते क्रमांकासह लिही, ते ड्रिल फेकू न देता त्याच जॉबबरोबर ठेव, आणि निर्णय डिझाइनवाल्यांकडे जाऊ दे. ऑपरेटरवर मात्र आवाज चढवू नकोस. मोजणी त्याच्या लक्षात राहण्यावर का सोडली होती, हा प्रश्न प्रोसेस शीट (कामाच्या पायऱ्यांचा कागद) लिहिणाऱ्याचा, म्हणजे तुझा आहे. मशीनच्या प्रोग्राममध्येच टूल लाइफ काउंटर, म्हणजे एका ड्रिलने किती भोके झाली ते मोजणारी सोय, टाकून घे.

आणखी एक. तुमच्या मशीनपाशी कोरड्या वाळूची बादली भरलेली आहे ना, ते उद्याच पाहा. टायटॅनियमचे बारीक चिप्स पेटले आणि कोणी घाईने पाणी ओतले तर आग आणखी भडकते. आमच्या बादलीत लोक विड्यांची थोटके टाकत.

तुझा,
बाबा