सूचना : अमेरिकेतल्या विद्यापीठांचे निकाल

बारावीचे विद्यार्थी आणि पालक, सर्वांनी वाचावे.

आयव्ही लीगचे (अमेरिकेच्या पूर्व भागातल्या आठ नामांकित विद्यापीठांचे) निकाल साधारणपणे मार्चअखेरीस, तिथल्या संध्याकाळी ७ वाजता लागतात. मुंबईत तेव्हा दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे ४.३० वाजलेले असतात. निकाल ज्यावर दिसतो त्या विद्यापीठाच्या पोर्टलचा पासवर्ड आदल्या दिवशीच तपासून घ्या, कारण त्या मिनिटाला सगळेच लॉगिन करतात आणि पान अडकतं. मुलांना निकाल एकट्याने बघायचा असेल तर बघू द्या. त्या दिवशी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका आणि कुणाच्याही मुलाला ‘काय झालं?’ असं विचारू नका. सांगावंसं वाटलं की ती स्वतः सांगतील.

वेटलिस्ट म्हणजे प्रवेश नव्हे. यादीत राहायचं असेल तर बहुतेक ठिकाणी पोर्टलवर तसं कळवावं लागतं, आणि हेच नेमकं राहून जातं. वेटलिस्टवरच्या विद्यार्थ्याचं पत्र विद्यापीठ स्वीकारत असेल तर एका पानात फक्त नवं लिहा : ताजे गुण, पूर्ण झालेला प्रकल्प. ‘जागा मिळाली तर नक्की येईन’ हे खरं असेल तरच लिहा. जुना निबंध फिरवून पाठवू नका. पत्र विद्यार्थ्यानेच लिहावं, पालकांनी नाही.

वेटलिस्ट बहुधा १ मेनंतर हलते. म्हणून त्या तारखेच्या आत हातातल्या एका कॉलेजला होकार कळवून अनामत भरा. ती सहसा परत मिळत नाही. दोन ठिकाणी मात्र भरू नका, दोन्ही प्रवेश धोक्यात येतात.

एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरला असेल तर निकाल काहीही लागो, परीक्षा द्याच.