मिस्त्रीचाचा, तुमच्या ‘नोको’बद्दल आभार

आदरणीय मिस्त्रीचाचा,

सादर नमस्कार.

वाचनालयातला चावीचा ग्रामोफोन आता दहा इंची तबकडीची एक बाजू पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत न अडखळता वाजवतो. तुम्ही मजुरी घेतली नाही, फक्त चहा घेतला, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या पट्ट्यात अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर अशी पेटी आणि तबकड्यांचा गठ्ठा पडलेला आहे. तुम्ही सांगितलेलं त्या घरांनाही लागेल. उतरवून घेताना काही चुकलं असेल तर ती चूक आमची.

आभार सगळ्यात आधी तुमच्या ‘नोको’चे. हातात पाना घेतला की ‘थांब, नोको’, तेलाची बाटली उचलली की ‘नोको’, कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवला की ‘अबे नोको!’ ही यंत्रं वापरून कमी आणि दुरुस्तीच्या उत्साहात जास्त मेली, हे तुमच्या प्रत्येक ‘नोको’मागचं कारण ऐकल्यावर पटलं.

पहिला ‘नोको’ स्प्रिंगच्या डब्याला. मोटार खोलायच्या आधी चावी पूर्ण उतरवायची. ब्रेक सोडून थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्यायची, मग बोटानं ढकलून पाहायची. तरीही डब्याचं झाकण काढलं की आतली इंचभर रुंद पोलादी पट्टी दाबूनच बसवलेली असते, हे विसरायचं नाही. ती एकदम सुटली तर बोट कापते. म्हणून जाड हातमोजे घालायचे, डबा पोत्यात धरायचा आणि मधल्या टोकापासून एकेक वेढा हातानं अडवत बाहेर काढायचा. घाईनं ओढली तर पट्टी कायमची वाकते.

वाजता वाजता पेटीत ‘धप्’ असा आवाज येऊन गाणं क्षणभर डगमगत होतं, त्याचं मूळ इथेच निघालं. जुनं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालं होतं. वेढे एकमेकांना चिकटत आणि ताण वाढला की अचानक सुटत. पट्टी मातीच्या तेलात भिजवून फडक्यानं पुसली, कोरडी केली, उजेडात धरून चीर पाहिली. नवं ग्रीस दोन चमचे, त्यात पाव चमचा ग्रॅफाइटची पूड; पूर्ण पट्टीला पातळ हात. भरपूर थापलं तर डब्याच्या कडेनं पाझरून वेग आवरणाऱ्या गव्हर्नरवर येतं आणि दुसरीच भानगड सुरू होते.

घरातलं तेल का नको, हे तर गावोगाव सांगण्यासारखं आहे. खोबरेल आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत थिजतं, मग सकाळी थाळी फिरायलाच तयार नसते. जवसाचं त्याहून वाईट: ते हवेत सुकून वार्निशासारखा थर धरतं. रंगकामात त्याचा तोच गुण, यंत्रात तोच अवगुण. शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही थेंबानं मोजून.

पट्टीचं बाहेरचं टोक, जिथे ती डब्याच्या आकड्यात अडकते, तिथे तुटलं होतं. बहुतेक स्प्रिंगा तिथेच तुटतात. नवी स्प्रिंग शोधत बसायचं कारण नाही. तुम्ही टोकाचा फक्त इंचभर भाग लाल तापवून सावकाश थंड होऊ दिला, म्हणजे पोलाद मऊ झालं. मग भोक पाडून कडा कानशीनं गुळगुळीत केल्या. तीन-चार इंच लांबी गेली, तरी एक बाजू वाजायला उरलेली पुरते. इंचाऐवजी वीतभर तापवलं असतं तर तेवढ्या भागाची लवचीकता गेली असती आणि पट्टी तिथेच दुमडली असती.

गव्हर्नर म्हणजे या यंत्राची अक्कल. तीन पातळ पट्ट्या, प्रत्येकीवर एक वजन. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, चकती सरकून गादीला घासते आणि वेग आवरला जातो. आमच्याकडच्या तीनपैकी एका पट्टीला केसाएवढी चीर होती. म्हणून लांब सूर ‘वूं-वूं’ करत हलत होता आणि आम्ही दोष तबकडीला देत होतो. एक पट्टी बदलून भागत नाही. तिन्ही एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या लागतात, नाहीतर तोल जातो. स्क्रू आधी सैल ठेवायचे, दांडा हातानं फिरवून पट्ट्या सरळ बसू द्यायच्या आणि मगच आवळायचे. गादीला दोन थेंब तेल. कोरडी राहिली तर ती किरकिरते, आणि तो किरकिराट गाण्यात उतरतो.

वेग लावायची तुमची रीत कोणालाही जमेल. थाळीच्या कडेला कागदाची चिंधी चिकटवायची, तबकडीवर पिन टेकवायची आणि वाजत असताना घड्याळ लावून फेरे मोजायचे: २० सेकंदांत २६ फेरे म्हणजे मिनिटाला ७८. रिकामी थाळी मोजून उपयोग नाही, कारण पिनेच्या ओझ्यानं वेग उतरतो. ७७ रेघांची छापील चकती घरच्या विजेच्या (५० हर्ट्झ) बल्बखाली स्थिर दिसते, हेही खरं. पण बरेच एलईडी दिवे नीट लुकलुकत नाहीत, आणि लोडशेडिंगमध्ये दिवाच नसतो. चिंधी बरी.

वेगाचा एवढा आग्रह कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की सूर जवळजवळ हार्मोनियमच्या एका पट्टीनं सरकतो. काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं आणि ऐकणारा म्हणतो, बाईंचा आवाज किती बारीक होता! त्यातही १९२५ च्या आधीच्या तबकड्या ठोक ७८ वरच कापलेल्या असतील असं नाही; सत्तरीपासून ऐंशीच्या पलीकडेही वेग सापडतो. अशा वेळी शेजारी हार्मोनियम घेऊन षड्ज जुळवून बघायचा. तो दोन स्वरांच्या मध्येच लटकत असेल तर वेग चुकलाय. जुन्या हार्मोनियमचा सूर आजच्याहून थोडा इकडेतिकडे असू शकतो, म्हणून शेवटचा निकाल कानाचा.

साउंडबॉक्स, म्हणजे पिन धरणारी आणि आवाज काढणारी गोल डबी, उघडताना तुम्ही आमच्यापैकी कोणालाच हात लावू दिला नाही, तेही बरं झालं. अभ्रकाचा पडदा रबराच्या दोन बारीक नळ्यांच्या मध्ये तरंगत बसलेला असतो. ते रबर वाळून काचेसारखं कडक झालं होतं आणि मोठ्या आवाजाला पडदा घरघरत होता. नळीच्या जागी तुम्ही सायकलची वॉल ट्यूब कापून बसवली. दोन्ही टोकं समोरासमोर टेकली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. पडद्याच्या मध्यावर, जिथे पिनेचा दांडा येऊन मिळतो, तिथे मधमाशीच्या मेणाचा एक थेंब. तो निसटला असेल तर हवा शिरून आवाज बसतो. स्क्रू आवळताना ‘काहून एवढं पिळून राहिला?’ हा तुमचा प्रश्न आता वाचनालयात म्हण झालाय. दाबून बसवलेला पडदा हलत नाही, आणि हलत नाही म्हणून बोलत नाही. जस्ताच्या मिश्रधातूचं जुनं कवच फुगून तडकलेलं असेल तर ते पिळण्यात आणखी धोका.

पिनेबद्दल एकच नियम: पोलादी पिन एका बाजूला एक, मग फेकायची. कंजुषी नोको. तबकडीत दगडाची पूड मिसळलेली असते, ती पिनेला घासून आपल्या खाचेच्या मापाची करून घेते. दुसऱ्या बाजूला तीच पिन लावली की तिची झिजलेली धार आता छिन्नीसारखी चालते. तबकडीवर खाचांचा काळा रंग जाऊन करडे पट्टे दिसतात, ते याच कंजुषीचे. आणि ही पिन मागाहून आलेल्या प्लास्टिकच्या रेकॉर्डवर चुकूनही टेकवायची नाही; एका फेऱ्यात ती रेकॉर्ड वाया जाते.

आता तबकड्या. त्या लाखेच्या. आपल्या विदर्भाच्याच पूर्व टोकाला, गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात, पळसावर आणि कुसुमावर किडा जी लाख तयार करतो, तीच जात. लाख, दगडाची पूड, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू. लाख स्पिरिटात विरघळते. सुतार पॉलिश करतो ते याच जोरावर. म्हणून धुताना स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर काहीही नको. गठ्ठ्यातल्या दोन तबकड्या कोणीतरी पूर्वी तशा पुसलेल्या आहेत. त्यांची चकाकी गेली आणि वर कढई तापल्यासारखी खरखर राहिली. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनं गोल. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. मग साध्या पाण्यानं विसळून जुन्या धोतराच्या कपड्यानं टिपायचं आणि सावलीत उभी करून वाळवायची. पावसाळ्यात चढलेली पांढरी बुरशी यानंच निघते. काठाशी थर सुटलेला दिसला तर त्या तबकडीला मात्र पाणीच नको.

आपला मे महिना तबकडीचा खरा वैरी. बाहेर ४५ अंश, टिनाखाली त्याहून जास्त. आडवा रचलेला गठ्ठा ताटल्यांसारखा वाकतो. कवेलूच्या किंवा स्लॅबच्या खोलीत, खालच्या फळीवर, उभ्या आणि एकमेकींना टेकून ठेवायच्या. वाकलेली सरळ करायची तर दहा मिलिमीटरच्या दोन काचांच्या मध्ये, जानेवारीच्या उन्हात, दर पाच मिनिटांनी बघत. वरच्या काचेच्या वजनानं ती बसली की काचांसकट सावलीत आणून पूर्ण गार होऊ द्यायची. मे महिन्यात हा प्रयोग केला तर तबकडी सरळ होते आणि खाचाही सपाट होतात.

लेबल फाटलेल्या तबकड्या फेकू नका, हे तुमचं सांगणं सगळ्यात जास्त कामी आलं. लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला नंबर तिरप्या उजेडात वाचता येतो. पाठ कोरी असेल तर ती साधारण १९१० च्या आधीची. आणि शेवटपर्यंत ऐकायचं: त्या काळचे कलावंत गाणं संपलं की स्वतःचं नाव सांगत. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिराला गाणारं कोण ते कळावं म्हणून ही घोषणा. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि छपाई इकडेच होऊ लागली.

संगीत नाटकांतले गायकनट भाऊराव कोल्हटकर यांची तबकडी आहे का, असं विचारणारे दरवेळी भेटतात. नाही, असणारही नाही; ते १९०१ मध्ये गेले, मुद्रणवाले १९०२ मध्ये आले. त्याची हळहळ ‘शीळ’ लावल्यावर थोडी कमी होते. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची कविता, जी. एन. जोशींचा आवाज, मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांतली ती एक, आणि शब्द आपल्या बुलढाण्याकडचे.

दुरुस्ती झाली की नाही हे बघायला १९२५ च्या आधीची तबकडी लावू नये, हेही लिहून ठेवलंय. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कलावंत कर्ण्यात तोंड घालून गात. डग्ग्याचा घुमारा त्यात उतरतच नसे. तो ऐकू आला नाही म्हणून चांगली मोटार पुन्हा खोलणारे आमच्यात होतेच. तपासायला विजेच्या मुद्रणाची, १९३० किंवा १९४० च्या दशकातली तबकडी घ्यावी.

आता तुम्ही सांगितलेला क्रम भिंतीवर लावला आहे. वाजवून झालं की चावी उतरवूनच झाकण बंद. चीर गेलेल्या चार तबकड्या पिनेखाली जात नाहीत. त्यांची नक्कल इलेक्ट्रिक प्लेअरवर, ७८ च्या रुंद खाचेला चालणारी तीन मिलची (इंचाच्या तीन हजारांशांची) सुई लावून घ्यायची आहे, आणि खरखर काढण्याआधीची मूळ नक्कल वेगळी जपायची आहे. ते काम पोळ्यानंतर. तेव्हा याल का?

तुमचे हातमोजे आणि पोतं इथेच राहिलंय. पोत्याला ग्रीस लागलंय, धुतलं नाही. तुम्ही ‘नोको’ म्हटलं असतं.

आपली,
वाचनालयाची मंडळी
ता. दर्यापूर, जि. अमरावती