तरंगता दोर आणि शिडाची होडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हौसेने शिडाच्या होड्या फिरवणारे लोक आमचे दोर कापून जातात’ अशी तक्रार करणारे एका मच्छीमार बांधवाचे पत्र आपण छापलेत. मी त्या हौशी लोकांपैकीच एक. एकदा दोर कापलाही आहे. त्यांची तक्रार खरी आहे. तळाच्या सापळ्यापासून वर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयापर्यंत गेलेला हा दोर तुटला की सापळा तळाशीच राहतो, मालकाचे नुकसान होते आणि तो बेवारस सापळा पुढेही खेकडे-मासे अडकवून मारत राहतो. पण दोर कापण्याची वेळ का येते, तेही वाचकांपुढे यायला हवे, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी आम्ही दोघे होतो. दिवस मावळत आलेला, वारा मागून, सुकती म्हणजे ओहोटी नुकतीच लागलेली. होडी चांगली पळत होती आणि एकदम कोणी मागून धरल्यासारखी थांबली. सुकाणू हलेना. वाकून पाहिले तर दोर सुकाणूचे पाते आणि होडीचा तळ यांच्यामधल्या फटीत घट्ट बसलेला. बोया आम्हाला दिसलाच नव्हता. नांगर टाकलेली होडी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, बांधलेली असते, लाट आली की नाळ वर उचलते. आमची होडी मागून बांधली गेली होती. मागची बाजू सपाट आणि बुटकी, त्यात दोर तिला खाली ओढत होता. प्रत्येक लाट सरळ आत येऊ लागली. शिडे उतरवायला लागलेली ती काही मिनिटे मी विसरलेलो नाही.

अशा वेळी पहिला मोह होतो इंजिन चालू करण्याचा. तो घातक. दोर इंजिनाच्या पंख्याभोवती गुंडाळतो, घर्षणाने वितळून त्याचा दगडासारखा गोळा होतो आणि सुटकेचा तोही मार्ग बंद होतो. दुसरा मोह सुरी घेऊन पाण्यात उतरण्याचा. लाटांवर वरखाली आदळणाऱ्या होडीच्या तळाशी डोके नेणे म्हणजे जिवाशी खेळ. आम्ही दातेरी सुरी आकडीच्या काठीला बांधली आणि वरूनच दोर कापला.

माझ्या मते दोष बोयापेक्षा दोराचा जास्त आहे. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा दोर स्वस्त आणि टिकाऊ, पण त्याची घनता साधारण ०.९, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो. उधाणाच्या भरतीलाही पुरावा म्हणून तो लांब ठेवावा लागतो. ओहोटीला पाणी उतरले आणि प्रवाह मंदावला की हाच जादा दोर बोयापासून दूरवर पृष्ठभागावर पसरतो. बोया दिसला आणि आपण त्याला वळसा घातला, तरी दोर सुकाणूखाली येऊ शकतो. नायलॉनची घनता १.१४, तो बुडतो. वरचा थोडा भाग बुडणाऱ्या दोराचा केला किंवा बोयाखाली काही हातांवर शिशाचे एखादे वजन बांधले, तर सैल दोर उभा खाली लोंबत राहील. खर्च फार नाही, आणि मासेमारीत काही अडत नाही.

बोयाबद्दलही बोलले पाहिजे. काळा किंवा निळा डबा लाटांत दिसत नाही, जोराच्या प्रवाहात तर तो पाण्याखालीच ओढला जातो. काठीवर फडके असले तरी पुष्कळ लांबून कळते. दोन बोये एकमेकांना तरंगत्या दोराने जोडलेले असतील, तर तेही कळायला काही खूण हवी. खूण नसली की दोहोंच्या मधून जाणे हाच आम्हाला सुरक्षित रस्ता वाटतो.

आमच्या बाजूनेही चुका होतात. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी वाहतूक नियमांप्रमाणे मासेमारीत गुंतलेल्या नौकेला वाट देण्याची जबाबदारी शिडाच्या होडीवर आहे. अशा नौकेवर दिवसा लावलेले टोके जुळवलेले दोन शंकू, रात्री पांढऱ्यावर हिरवा किंवा लाल दिवा, आणि जाळे १५० मीटरपेक्षा लांब पसरले असेल तर त्या दिशेला दाखवलेली वेगळी खूण, या गोष्टी आमच्यातल्या कित्येकांना ओळखता येत नाहीत. किनाऱ्याजवळ अंधारात जाताना नाळेवर एक माणूस बसवण्याचाही कंटाळा केला जातो. दोर कापावाच लागला आणि सापळ्याकडचा भाग हाताशी येत असेल, तर तो आधी दुसऱ्या दोराने धरून ठेवावा, मग कापावा आणि दोन्ही टोके पुन्हा गाठ मारून सोडावीत. आमच्या बाबतीत ताण इतका होता की कापताक्षणी सापळ्याकडचे टोक पाण्यात नाहीसे झाले.

बोया मात्र आमच्याकडे राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या समितीने २०१८ साली मासेमारीच्या साधनांवर खुणा करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. मालकाची ओळख पटावी हा त्यांतला मुख्य मुद्दा. ती ऐच्छिक आहेत. आमच्या हाती आलेल्या बोयावर ना नाव होते, ना क्रमांक. असता, तर दुसऱ्याच दिवशी त्या माणसाला गाठून सापळा कुठे राहिला ते सांगितले असते आणि भरपाईही दिली असती. तो बोया अजून माझ्या होडीत आहे.

आपला,
एक वाचक