कोळसा नसलेल्या पेट्यांचं काय करता, मंत्रिमहोदय?

मा. केंद्रीय कोळसा व खाण मंत्री, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

मी वर्धा खोऱ्यातल्या गोंडवाना खडकांवर, म्हणजे इथला कोळसा ज्यांत सापडतो त्या जुन्या गाळाच्या खडकांवर, पीएच.डी. करते. चंद्रपूर-वणीकडची जमीन कधी आणि कुठल्या भेगांवर खचली, आणि त्या खचलेल्या जागेत नद्यांनी गाळ कसा भरला, हा माझा विषय. आपण तेलंगणाचे. सिंगरेणीचा कोळसा आणि आमच्या बल्लारपूरचा कोळसा एकाच खचदरीत साचला, त्यामुळे हे गाऱ्हाणं आपल्यापुढे मांडताना परकेपणा वाटत नाही. शिवाय कोळसा आणि खाण ही दोन्ही खाती आपल्याकडे आहेत, आणि माझं काम नेमकं त्या दोन खात्यांच्या मध्ये अडकलं आहे.

मुख्य मागणी एकच आहे. बोअर मारून वर काढलेला आणि पेट्यांत भरलेला दगड, त्यात कोळसा असो वा नसो, जपून ठेवा आणि संशोधकांना पाहू द्या.

ही खचदरी वायव्येकडून आग्नेयेकडे, वर्धा-प्राणहिता-गोदावरीच्या काठाने शेकडो किलोमीटर पसरली आहे. तिच्या तळाशी हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे आहेत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हे सांगितलं की लोक हसतात, पण इरईजवळ पैनगंगेच्या पात्रात बर्फाने घासलेला, ओरखडे पडलेला चुनखडक १८७० च्या दशकातच नोंदला गेला आहे. त्या गोट्यांवर बराकार नावाच्या खडकगटातले कोळशाचे थर, त्यांवर कामठी खडकगटाचा वालुकाश्म. दक्षिणेला सिरोंच्याकडे गेलं की कोटा गावाच्या नावाचे थर लागतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा असलेला बारापासॉरस डायनासोरचा सांगाडा याच थरांतला. वालुकाश्मातले तिरपे थर मोजले की कळतं, तेव्हाच्या नद्या साधारण वायव्येकडे वाहत होत्या. आजची गोदावरी त्याच दरीतून उलट, आग्नेयेला समुद्राकडे जाते. मधल्या कोट्यवधी वर्षांत सगळा उतारच फिरला. तो कसा आणि कुठल्या टप्प्यात फिरला, हे शोधण्यातच आमच्यासारख्यांची उमेदीची वर्षं जातात, आणि मला त्याची तक्रार नाही.

तक्रार पुराव्याबद्दल आहे. एखाद्या फॉल्टच्या, म्हणजे जमीन तुटून सरकलेल्या भेगेच्या, दोन्ही बाजूंना बराकारची जाडी सारखीच असेल, तर गाळ आधी साचला आणि जमीन नंतर तुटली. खचलेल्या बाजूला जाडी जास्त असेल, तर गाळ साचत असतानाच ती बाजू खाली जात होती. खोऱ्याचा सगळा इतिहास या एका फरकावर उभा राहतो. आता हा फरक जमिनीवरून दिसत नाही. चंद्रपूरकडे वर काळी माती, नाहीतर शेती, आणि वायव्येला तर हे खडक थेट दख्खनच्या लाव्ह्याखाली शिरतात. पुढे उमरेड-कामठीकडे पुन्हा कोळसा लागतो, पण मधल्या पट्ट्यात काय आहे ते फक्त बोअरलाच माहीत.

आणि बोअर मारले जातात ते कोळशासाठी. सीम, म्हणजे कोळशाचा थर, मिळाली की नमुना प्रयोगशाळेत जातो, आकडे अहवालात येतात. सीम अपेक्षित खोलीवर मिळाली नाही की तो बोअर वांझ ठरतो. पण सीम मिळाली नाही ती बहुधा मधून फॉल्ट गेल्यामुळेच! खात्याच्या लेखी वाया गेलेला बोअर माझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण असतं. त्यातला चुरडलेला दगड, घसरणीच्या रेघा उमटलेला गुळगुळीत पृष्ठभाग, भेगेत भरलेलं कॅल्साइट, हे सगळं हातात घेऊन, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. एका कार्यालयात जुन्या पेट्या पाहण्यासाठी मी अर्ज केला, तेव्हा कळलं की जागेअभावी त्या रिकाम्या केल्या गेल्या. 'त्यात कोळसा नव्हताच ना, मॅडम,' असं मला समजावण्यात आलं.

आपल्या खात्याने डिसेंबर २०२३ मध्ये नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी, हे भूवैज्ञानिक माहितीचं ऑनलाइन भांडार, सुरू केली. चांगलं काम झालं. नकाशे आणि सर्वेक्षणाच्या आकड्यांसाठी पूर्वी जे खेटे घालावे लागत, ते आता वाचतील. पण संगणकावरचा लॉग, म्हणजे बोअरमधल्या दगडाची नोंद, लिहिणाऱ्याने 'मध्यम कणांचा वालुकाश्म' एवढंच लिहिलं असेल, तर त्यातून भेगेची दिशा काढता येत नाही. दगडच लागतो. हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने खोल बोअर मारले, गोठणे गावचा तर ३ किलोमीटर खोल गेला, आणि त्या कामात निघालेले दगडाचे गाभे कराडच्या प्रयोगशाळेत सांभाळून ठेवले आहेत. सह्याद्रीत जे झालं ते विदर्भात का होऊ नये?

गोपनीयतेचा मुद्दा निघेल, म्हणून आधीच सांगते. लिलावात असलेल्या ब्लॉकची माहिती नका देऊ, आमचं अडत नाही. पण जी खाण संपून तिच्यात पाणी साचलं, तिच्या बोअरमध्ये आता कोणाचं व्यापारी गुपित उरलं आहे?

दुसरी गोष्ट खुल्या खाणींची. ओपनकास्टच्या उभ्या भिंतीत फॉल्ट जसा स्वच्छ दिसतो तसा निसर्गात क्वचितच दिसतो. पण खाण पुढे सरकते, मागच्या भागात ओबी, म्हणजे कोळशावरून काढलेली दगड-माती, टाकली जाते आणि तो छेद कायमचा गाडला जातो. तत्पूर्वी हेल्मेट-बूट घालून, सुरक्षेचं प्रशिक्षण घेऊन, खाणीच्या सर्व्हेअरसोबत तिथे मोजमाप करायला परवानगी मिळाली तर पुरे. आज ती मिळणं प्रत्येक खाणीच्या साहेबाच्या मर्जीवर आहे. भला माणूस भेटला तर चहासुद्धा मिळतो. नाही भेटला तर महिनोन्महिने पत्राला उत्तर येत नाही, आणि तोवर भिंत गेलेली असते.

याचा उपयोग काय, असं विचारलं जातं. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूला ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत घरं हलली. त्याआधी १३ एप्रिल १९६९ ला भद्राचलमचा, ५.७ चा. दोन्ही याच गोदावरीच्या पट्ट्यातले. जुने फॉल्ट कुठून जातात, कोणते केव्हा हलले होते, हे कळल्याशिवाय इथल्या धोक्याचा अंदाज बांधणार कसा? भूजलाचंही तेच. कामठीचा वालुकाश्म पाणी धरतो, आणि फॉल्ट कुठे ते अडवतो, कुठे वाट करून देतो.

जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० रुपये मिळतात त्यात जगणं होतं, फिरणंही होतं. खोल बोअर मारणं मात्र कुठल्याही विद्यापीठाच्या आवाक्यातलं नाही. सरकारने जनतेच्या पैशाने तो आधीच मारलेला आहे.

नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, खनिजांचा शोध घेणारी सरकारी कंपनी एमईसीएल आहे, कोल इंडियाची सर्वेक्षण संस्था सीएमपीडीआय आहे, वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्सचं) मुख्यालय आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभागही तिथेच. या सगळ्यांसाठी एक सामाईक कोअर शेड, म्हणजे बोअरच्या पेट्यांचं कोठार, उभारायला वेळ लागेल, हे समजू शकते. तोवर निदान एक करा. कुठल्या बोअरच्या पेट्या अजून शिल्लक आहेत, त्याची यादी जाहीर करा, आणि ती होईपर्यंत एकही पेटी रिकामी करू नये, असा लेखी आदेश काढा. पावसाळ्याआधी निघाला तर बरं, कारण बऱ्याच पेट्या उघड्यावर आहेत आणि त्यांवरचे नंबर खडूने लिहिलेले आहेत.

आपली नम्र,
भूशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी,
चंद्रपूर