ट्रंपेट पेटीतच आहे

बेळगाव, कॅम्प
१० डिसेंबर

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी अंकलांच्याच ओसरीवर बसलो होतो. "नाताळात घरी जॅझ लावायचंय, काय लावू?" असं तू विचारलंस आणि मी घाईत "कळवतो" म्हणून फोन ठेवला. अंकल डोळे मिटून ऐकत होते, मध्ये बोलवेना. आणि फोनवर दोन नावं सांगून भागण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र.

आधी अंकलांचं सांगतो. त्यांचं ट्रंपेट बंद झालंय. पावसाळ्याच्या तोंडावर पुढचे दात काढावे लागले. कवळी बसवली, पण ट्रंपेट ओठांवर दाबलं की मागून दातांचा आधार लागतो आणि कवळी हलते. दोन महिने रोज सकाळी प्रयत्न केला त्यांनी. हवा यायची, सूर यायचा नाही. गणपतीच्या सुमारास एके दिवशी त्यांनी ट्रंपेट मऊ फडक्यानं पुसलं, पेटीत ठेवलं आणि कडी लावली. मी काही विचारलं नाही. आपण नववीत असताना मिडनाईट मास, म्हणजे नाताळच्या मध्यरात्रीची चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर भर थंडीत गल्लीत उभं राहून त्यांनी वाजवलेलं तुला आठवतं ना? तेच माझ्या डोळ्यांसमोर आलं.

तेव्हापासून पेटीची शिकवणी संपली की सातच्या सुमारास मी त्यांच्याकडे जातो. छोटा स्पीकर नेतो. डिसेंबर लागल्यापासून आम्ही फक्त नाताळचं जॅझ ऐकतोय, तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयारच आहे.

पहिलं ड्यूक एलिंग्टन. चायकोव्हस्कीचा 'नटक्रॅकर' हा १८९२ चा बॅले. एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न या दोघांनी १९६० साली तो आपल्या बँडसाठी नव्यानं बांधला. मूळ रचनेत साखरपरीचा नाच सेलेस्टा नावाच्या वाद्यावर काचेच्या घुंगरांसारखा किणकिणतो. इथे तीच धून टेनर सॅक्सोफोन खालच्या सुरात, अगदी सावकाश, रात्री उशिरा घरी परतणाऱ्या माणसाच्या चालीनं वाजवतो. वादकाचं नाव पॉल गोन्साल्विस. हे आडनाव ऐकताच अंकल ताठ बसले. "आमचा रे?" तो गोव्याचा नव्हे, पण त्याचे आईवडील आफ्रिकेजवळच्या केप व्हर्देचे, म्हणजे तीही पोर्तुगिजांचीच जुनी वसाहत. समुद्राच्या दोन टोकांना एकच आडनाव! मग चिक चॉकलेटचा विषय निघाला. गोव्यातल्या आल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ, मुंबईत ज्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग (तो अमेरिकेतला ट्रंपेटवाला) म्हणत, आणि सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) ज्याचं ट्रंपेट आहे. त्या रात्री आमचं ऐकणं बाजूलाच राहिलं.

दुसरी एला फिट्झजेराल्डची १९६० ची नाताळची रेकॉर्ड. ती ऐकताना टाळी देऊन बघ. भजनात आपला हात समेवर पडतो. इथे चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी दे. आधी हात चुकतो, मग एकदम अंग डोलायला लागतं. एका मात्रेत दोन सूर आले तर ते सारखे नसतात, पहिला लांब, दुसरा आखूड. त्यालाच स्विंग म्हणतात. 'जिंगल बेल्स' आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय, म्हणूनच एला त्यात कुठे थांबते, कुठे शब्द मागे ओढते ते लगेच कळतं. ओळखीच्या अभंगात गवई नवी जागा घेतो तेव्हा जसं होतं, तसंच.

नॅट किंग कोल तू ऐकला असशीलच. त्यानं गायलेलं चेस्टनट भाजण्याचं आणि नाकाला झोंबणाऱ्या थंडीचं ते गाणं मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी १९४५ च्या भर उन्हाळ्यात लिहिलं. उकाडा सहन होईना, म्हणून थंडीच्या ओळी सुचल्या म्हणे. मोठे व्हायोलिनचे ताफे लावून केलेल्या बाकीच्या नाताळ-रेकॉर्डी मात्र मला आवडत नाहीत. सगळं गोडच गोड, कुंद्यावर साखर पेरल्यासारखं.

माझ्या मनात घर केलंय ते विन्स ग्वाराल्डीनं. १९६५ च्या डिसेंबरात अमेरिकेत टीव्हीवर लहान मुलांचा एक चित्रपट दाखवला, 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस'. त्याचं संगीत ग्वाराल्डीचं: पियानो, बास आणि ड्रम्स, बस्स. एका गाण्यात कॅलिफोर्नियातल्या एका चर्चची मुलं गातात, आणि तीही किंचित बेसूर, आपल्या मुलांसारखीच. शब्द आनंदाचे, सूर मात्र उदास. असं का, ते मी पेटीवर शोधलं. पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी, सा धर. पहिला मेळ (कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर) सा-ग-प-नी, शुद्ध निषाद वर लटकलेला. लगेच दुसरा मेळ येतो तो कोमल निषादावर उभा. दोन्ही निषाद शेजारी शेजारी! देस गाणाऱ्याला ही हुरहूर नवी नाही, पण इथे ती मुलांच्या तोंडी आहे. अंकलांनी ते तीनदा लावायला सांगितलं.

आणि काल आर्मस्ट्राँग. तू म्हणशील ट्रंपेट ऐकवलंस का त्यांना? नाही, माझी हिंमत झाली नसती. त्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण लावलं. २६ फेब्रुवारी १९७१, न्यूयॉर्कमध्ये कोरोना भागातलं त्याचं स्वतःचं घर, तब्येत खालावलेली. तो नाताळच्या आदल्या रात्रीची जुनी कविता नुसती वाचतो. ट्रंपेट नाही, साथ नाही, फक्त तो खरखरीत आवाज, पोरांना जवळ घेऊन गोष्ट सांगावी तसा. जुलैत तो गेला.

संपल्यावर अंकल बराच वेळ गप्प होते. आत आंटी नेवऱ्या तळत होत्या, तेवढाच आवाज. मग म्हणाले, "चोवीसला मी गातो. ते पोरांचं. तू पेटी धर."

अडचण अशी की ते मेळ मला एका हातानं पुरत नाहीत. डावा हात भात्यावर अडकतो आणि उजव्या हाताच्या पाच बोटांत मेळही धरायचा, चालही वाजवायची, हे जमत नाही. ते शोधले तेव्हापासून सहा दिवस झगडतोय. दोन्ही हात पट्टीवर ठेवले तरच ते खरं वाजतं.

म्हणून तू ये. तेविसाच्या रात्रीची बस धर, चोवीसला सकाळी मी स्टँडवर असतो. मास सुटल्यावर ओसरीत बसू. तू समोर बसून भाता मार, अगदी हळू, दम न तोडता. लहानपणी मारायचास तसा.

तुझाच,
पेटीवाला