ॲब्लेशनसाठी मोठे यंत्र नको, बाकीचे सामान हवे

हृदयाच्या ठोक्यांचा बिघाड कॅथेटर ॲब्लेशनने दुरुस्त करण्याची सोय आपल्या धर्मादाय रुग्णालयात आहे. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी हृदयात न्यायची, विजेची चुकीची वाट शोधायची आणि तेवढीच जागा उष्णतेने निकामी करायची, असे हे काम. ठोके एकाएकी फार वेगाने पडू लागण्याच्या एव्हीएनआरटी या नेहमीच्या विकारात ते शंभरातल्या ९५ हून अधिक रुग्णांना बरे करते. हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याच्या विकाराचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे (एएफचे), तसे नाही. तिथे वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा सुईने ओलांडून डावीकडे जावे लागते आणि पूर्ण वेळ रक्त पातळ ठेवावे लागते. पुढील गोष्टी जमेपर्यंत एएफचे ॲब्लेशन सुरू करायचे नाही, असे विभागाने ठरवले आहे. त्यासाठीच हे आवाहन.

हृदयातल्या विजेच्या वाटांचा नकाशा काढणारे मॅपिंगचे मोठे यंत्र आपल्याकडे आहे. दात्याच्या नावाची पाटी लावता येईल अशी वस्तू मात्र या मागणीत फारशी नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिली गरज दोन एसीटी यंत्रांची. रक्त पातळ करणारे हेपॅरिन दिल्यावर रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते हे यंत्र सांगते. डाव्या कप्प्यात काम चालू असताना हा आकडा किमान ३०० हवा. तो गाठेपर्यंत दर १० ते १५ मिनिटांनी आणि नंतर दर १५ ते ३० मिनिटांनी तपासावा लागतो. आकडा घसरला तर कॅथेटरच्या आवरणावर गुठळी धरते आणि तीच मेंदूत जाऊन अडकते. यंत्र एकच असले आणि ते ऐन वेळी अडले, तर पुढचे हेपॅरिन अंदाजाने द्यावे लागते. यंत्रापेक्षा त्यात चाचणीसाठी घालायच्या कार्ट्रिजचा खर्च मोठा आहे, कारण त्यांना मुदत असते आणि न वापरलेल्याही फेकाव्या लागतात.

दुसरी गरज हृदयावरणातले रक्त काढण्याच्या तीन संचांची. कॅथेटर किंवा सुईने भिंतीला छिद्र पडले की हृदयाभोवती रक्त साचते, रक्तदाब कोसळतो. एएफच्या ॲब्लेशनमध्ये हे साधारण शंभरात एकाला होते. संचात लांब सुई, मऊ टोकाची तार, डायलेटर, पिगटेल कॅथेटर, ५० मिलीची सिरिंज, तीन तोंडांची तोटी आणि पिशवी एवढेच असते, पण सगळे एका ट्रेमध्ये हवे. कपाटे धुंडाळण्याइतका वेळ नसतो. एक संच ॲब्लेशन होते त्या कॅथलॅबमध्ये, एक अतिदक्षता विभागात, एक राखीव. सोबत हेपॅरिनचा परिणाम उतरवणाऱ्या प्रोटामिनचा साठा आणि हृदयाची सोनोग्राफी करणारे, कॅथलॅबमध्येच राहणारे इको यंत्र हवे. ते दुसऱ्या मजल्यावरून आणण्यात अर्थ नाही.

इथे पैशाने न सुटणारी अडचणही आहे. ॲब्लेशन करणारे तज्ज्ञ बाहेरगावहून येतात आणि संध्याकाळी परततात. रक्त मात्र कधी कधी काही तासांनी साचते. म्हणून रात्रपाळीच्या डॉक्टरांपैकी एकाला तरी सुई घालून रक्त काढता आलेच पाहिजे. या प्रशिक्षणाचा प्रवास व निवास खर्च कोणी उचलला तर आम्हाला यंत्राइतकेच मोल आहे.

विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारा दुसरा डिफिब्रिलेटर आणि त्याचे छातीला चिकटवायचे पॅड, अन्ननलिकेचे तापमान मोजणाऱ्या नळ्या, क्ष-किरणांपासून बचावासाठी लेड एप्रन व थायरॉइड कॉलर हेही लागेल. डाव्या कप्प्याच्या अगदी मागे अन्ननलिका असते आणि उष्णतेने तिला इजा होऊ शकते. तापमान मोजले म्हणून हा धोका संपत नाही.

कॅथेटरांबद्दल स्पष्ट बोलू. खर्च वाचवण्यासाठी एकदाच वापरायची कॅथेटर निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. टोकातून सलाईन सोडणाऱ्या कॅथेटरच्या बारीक छिद्रांत रक्त वाळून बसते, टोक नीट थंड होत नाही, त्यावर जळकी गुठळी धरते. एएफसाठी ही कॅथेटर पुन्हा वापरायची नाहीत. यामुळे दर रुग्णामागे वाढणारा खर्च गरीब रुग्णांवर पडू नये म्हणून वेगळा निधी ठेवला आहे.

आता माणसे. निवृत्त परिचारिका आणि तंत्रज्ञांनी रुग्णांना फोन करण्याचे काम घ्यावे: एक आठवडा, एक महिना, तीन महिने आणि एक वर्षाने. ठोके कसे आहेत, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना, जांघेत सूज आहे का, एवढे विचारून वहीत नोंदवायचे. पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही कळले तर त्याच मिनिटाला विभागाला कळवायचे. अन्ननलिकेला छिद्र पडल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी घशातून दुर्बीण घालून पाहणे घातक ठरते, कारण आत भरलेली हवा हृदयातून मेंदूत जाते. छातीचा सीटी स्कॅन करायचा. हे लिहिलेले मराठी कार्ड प्रत्येक रुग्णाला द्यायचे आहे. छपाई कोणी करून दिली तर हवीच आहे.

रुग्णसंख्येचाही प्रश्न आहे. अमेरिकेत २००० ते २०१० मधील ९३,८०१ एएफ ॲब्लेशनच्या अभ्यासात वर्षाला २५ पेक्षा कमी करणारे डॉक्टर आणि ५० पेक्षा कमी करणारी रुग्णालये यांच्याकडे गुंतागुंत जास्त आढळली. आपल्याकडे तेवढे रुग्ण जमणार नसतील तर त्यांना मोठ्या केंद्रात पाठवू आणि जमलेले सामान इतर ॲब्लेशनसाठी वापरू. देणगी देताना हे लक्षात असू द्या.

कॅथेटर विकणाऱ्या कंपन्यांकडून पैसे वा वस्तू घेतल्या जाणार नाहीत. ₹२,००० पेक्षा जास्त रोख देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा बँकेतून द्यावे आणि पॅन क्रमांक कळवावा. वस्तू द्यायची असल्यास खरेदीआधी विभागाला विचारावे. जोडणी न जुळणारे पॅड आणि मुदत संपत आलेली कार्ट्रिज परत करावी लागतात. दरपत्रके व जमाखर्च कार्यालयात कोणालाही पाहता येतील.

विश्वस्त मंडळ व हृदयविकार विभाग