डोंगरी सायकलच्या चाकात हवा किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस उघडला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आणि घाटाखाली कारवारच्या किनाऱ्यावर माउंटन बाईक घेऊन जाणारे वाढतात. आनंदाचीच गोष्ट आहे. आपल्या सीमाभागातल्या रानवाटा नवख्यालाही झेपतील अशा आहेत. पण दुपारी सायकल ढकलत परतणारेही बरेच दिसतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, की सायकल स्वस्तातली होती, महागाची घ्यायला हवी होती. ही समजूत चुकीची आहे. सौम्य चढ-उताराच्या वाटांना साधी, पुढे सस्पेन्शन असलेली सायकल पुरते. चूक होते ती चाकातल्या हवेत.

दुकानात टायर अंगठ्याने दाबून टणक लागेपर्यंत हवा भरतात. टायरच्या कडेला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भराच असा त्याचा अर्थ नव्हे. २.१ इंच रुंदीच्या टायरमध्ये ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा डांबरी रस्त्यावर खपून जाते. रानात तोच टायर प्रत्येक मुळीवर आणि खड्यावर उडतो, जमिनीला कमी टेकतो, म्हणून घसरतो. मनगटं भरून येतात, पायांचा जोर उड्यांत वाया जातो आणि दोष सस्पेन्शनला मिळतो.

ट्यूब असलेल्या टायरसाठी, चालवणाऱ्याचं वजन ६५ ते ७५ किलो असेल तर पुढे २६-२८ आणि मागे ३०-३२ पीएसआय ठेवून बघावं. दर दहा किलो जादा वजनाला साधारण दोन पीएसआय वाढवावेत. यापेक्षा फार कमी हवा ठेवली तर धोंड्यावर आपटताना रिमच्या दोन्ही कडा ट्यूब चिमटतात. पंक्चर काढताना शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नये, हवा कमी पडली असं समजावं. एकच बारीक भोक असेल तर मात्र काटा आहे, पश्चिमेच्या रानात करवंदीचा, पूर्वेच्या माळावर बाभळीचा नाहीतर सराट्याचा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सुती फडकं फिरवावं. काटा असेल तिथे ते अडकतं. हे न केल्यामुळे दहा मिनिटांत दुसरं पंक्चर होतं. हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला छोटा हातपंप सोबत असावा. पेट्रोल पंपावरचं यंत्र सायकलच्या ट्यूबला फार जोराचं पडतं.

आपल्याकडची तांबडी जांभ्याची जमीन दोन रूपांत फसवते. उन्हाळ्यात टणक पृष्ठभागावर बारीक गोल खडे सुटे पडलेले असतात, ते गोट्यांसारखे सरकतात. वळणात ब्रेक दाबला की चाक गेलंच. वेग वळणाआधी कमी करावा, वळताना ब्रेक सोडून द्यावा. ओल्या दिवसांत कातळावर शेवाळ धरतं. ते आणि ओल्या मुळ्या नेहमी काटकोनात ओलांडाव्यात, त्यावर ना ब्रेक, ना वळण. चढाला उभं राहून पॅडल मारण्याची सवय पुष्कळांना असते. उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागेवरच फिरतं. सीटच्या पुढच्या टोकाकडे सरकून बसूनच चढावं, आणि पुढची लहान चकती व मागची मोठी हा गिअर चढ लागण्याआधी टाकावा. चेनवर भार आल्यावर गिअर बदलला की चेन निसटते किंवा तुटते. सीटची उंची मोजायला टाच पॅडलवर ठेवावी, पॅडल तळाला असताना पाय सरळ झाला पाहिजे. रानातल्या उतारासाठी तिथून दोन-तीन सेंटीमीटर खाली घ्यावी.

सायकल कधी उजव्या अंगावर आडवी टाकू नये. डिरेलर (मागच्या चकत्यांवर चेन सरकवणारा भाग) ज्याला टांगलेला असतो तो हँगर किंचित वाकतो, नजरेला दिसत नाही, आणि मग मोठ्या चकतीवर गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये घुसतो. शंभर रुपयांचं काम हजारांत जातं.

भिजल्या वाटेवर चाकाची चाकोरी दोन-तीन सेंटीमीटर खोल उमटू लागली तर परत फिरावं. पुढच्या सरीला त्याच चाकोरीतून पाणी वाहतं आणि वाटेचा ओहोळ होतो. भाताच्या बांधावरून तर सायकल कधीच घालू नये. बांध खचला की वाफ्यातलं पाणी निघून जातं, आणि लावणीनंतर पाणी गेलेल्या शेतकऱ्याला काय वाटत असेल ते खानापूर तालुक्यात कुणाला सांगायला नको. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आतल्या पायवाटांवर जाणं हा गुन्हा आहे. बाहेरच्या गावरस्त्यांवरही पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे येतात. गवा दिसला तर घंटी वाजवू नये, थांबावं आणि हळूच मागे सरावं.

कारवारचा हिशोब वेगळा. कोरड्या वाळूत सायकल रुततेच, तिथे ताकदीचं काम नाही. ओहोटीला उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू हीच तिथली वाट. कोकणातला जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर सहा तासांच्या सुमारास. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या दिवशी (पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यापुढे सहा तास) ओहोटी सायंकाळी पाचच्या आसपास येते आणि पाणीही जास्त मागे हटतं. हा अंदाज आहे, तासाभराचा फरक पडतो. ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघावं आणि पाणी वळताच परतावं. वाळूसाठी हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवावी, रस्त्याला लागताच पुन्हा भरावी. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओलांडताना उतरून सायकल उचलावी. थंडीच्या दिवसांत कासवांची घरटी असतात, म्हणून भरतीरेषेच्या वर चाक नेऊ नये.

खरा घात त्यानंतर होतो. खारं पाणी चेन आणि केबल एका आठवड्यात गंजवतं. त्याच दिवशी गोड्या पाण्याने, बादली आणि मगने सायकल धुवावी. दुचाकीच्या वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा हबच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. चेन कोरडी पुसून प्रत्येक कडीला एक थेंब तेल द्यावं, पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाकावं. वर राहिलेलं तेल आणि तांबडी धूळ मिळून पॉलिशच्या लगद्यासारखी चेन झिजवतात. ब्रेकच्या डिस्कवर तेल उडालं तर ब्रेक पॅड बाद होतात, म्हणून फवाऱ्याचं तेल वापरूच नये. चेनची झीज स्टीलच्या पट्टीने कळते: एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर असतं. ते ३०६.३ झालं की चेन बदलावी. थांबलात तर मागच्या चकत्याही बदलाव्या लागतील.

दोन विनंत्या आहेत. बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या सायकल दुकानदारांनी हवेच्या नळीला दाबाचा काटा बसवावा आणि गिऱ्हाईक कुठे चालवणार ते विचारून हवा भरावी. आणि आपल्या दैनिकाने शनिवारच्या अंकात कारवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात. सुट्टीला किनाऱ्यावर जाणाऱ्या सायकलस्वारांना, आणि वाळूत गाड्या उतरवणाऱ्या कुटुंबांनाही, त्या दोन ओळी उपयोगी पडतील.

आपले,
काही सायकलप्रेमी वाचक,
टिळकवाडी, बेळगाव